चंद्रावरून खाली

व्याख्यानमालेचे पाहुणे आमच्याकडे जेवत. आमची गावात फार मोठी पत होती असं नाही. दादा, म्हणजे माझे वडील, वाचनालयाचे चिटणीस होते आणि आई मासवडी चांगली करायची, एवढी दोन कारणं पुरेशी होती. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या माडीवरची एक खोली आणि तिच्यातली दोन कपाटं. दादा दिवसा आमचं कोरडवाहू रान पाहत आणि दिवेलागणीला जाऊन ती खोली उघडत. होळी झाली, रानातली कामं संपली, की मारुतीच्या देवळासमोरच्या चौकात पाच दिवस व्याख्यानं व्हायची. वक्ते बहुतेक नगरहून येत, एखादा पुण्याचा असे. संध्याकाळच्या एसटीनं उतरायचे, देवळाच्या ओट्यावर हातपाय धुऊन चहा घ्यायचे आणि थेट व्यासपीठावर चढायचे. जेवण भाषणानंतर. हा नेम मंडळाचे अध्यक्ष नाना यांनी घालून दिला होता. नानांचं बाजारात धान्याचं आडत दुकान होतं, आवाज दणदणीत होता आणि मतं पक्की होती. "जेवलेला वक्ता म्हणजे चारा खाल्लेला बैल. बसकण मारतो," असं ते म्हणत. खरं कारण मला मोठेपणी कळलं. भाषण संपल्यावर पाहुण्याच्या पंगतीला मांडी घालून निवांत गप्पा मारायच्या, हाच कार्यकर्त्यांचा खरा उत्सव होता. वक्ता आधी जेवला असता तर त्यांना कोण वाढणार?

आमच्याकडची घरं तेव्हा धाब्याची होती, सपाट मातीच्या छपरांची. चौकात सतरंज्यांवर पुरुष आणि पोरं बसत, आणि चौकाभोवतीच्या धाब्यांवर बायका डोक्यावर पदर घेऊन बसत. कुणी मनाई केली नव्हती, तशी पाटीही लावलेली नव्हती. पण खाली सतरंजीवर बसलेली बाई मी तोवर पाहिली नव्हती. धाब्यावरून वक्त्याचं टक्कल दिसे, तोंड दिसत नसे. बौद्धवस्तीतल्या बायकांना तर धाबंही नव्हतं. त्या चौकाच्या टोकाला पिंपळामागं उभ्या राहून ऐकत. आणि आई यापैकी कुठंच नसे. ती चुलीपाशी असे.

मासवडीला वेळ लागतो. बेसन शिजवून घोटायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, त्यावर तीळ, सुकं खोबरं, लसूण, कोथिंबीर यांचं भाजलेलं सारण पसरायचं, फडक्यासकट गुंडाळी करायची आणि मग हलक्या हातानं वड्या कापायच्या. शिवाय काळ्या मसाल्याचा रस्सा. हे सगळं आणि बाजरीच्या भाकरी पाहुण्याच्या ताटात गरम पडल्या पाहिजेत, हा आईचा स्वतःचा नेम. तो नानांच्या नेमापेक्षा कडक होता. त्यामुळे व्याख्यानाची वेळ हीच तिच्या कामाची ऐन वेळ. कर्णा कडुलिंबाला बांधलेला, त्याचं तोंड बाजाराकडं. आमच्या स्वयंपाकघरात भाषण तुकड्यातुकड्यानं येई. शेवट तर कधीच येत नसे, कारण भाषण संपत आलं की भाकरी टाकायला घ्याव्या लागत, आणि भाकरी थापण्याच्या आवाजात वक्ता बुडून जाई. मग वाढताना ती पाहुण्यालाच विचारायची, "शेवट काय केलात?" काही पाहुणे हसत. काहींना ते कौतुक वाटे. सांगत मात्र कुणी नसे.

मला ती अधूनमधून चौकात पिटाळी आणि परत आले की काय ऐकलं ते विचारी. माझं सांगणं तिला पटत नसे. "तू नुसती हाडं आनतीस," ती म्हणे, "मटन तिथंच ठिवून येतीस." आई कोल्हारची. प्रवरेकाठच्या भरल्या पाण्याच्या गावातून आमच्या कोरड्या भागात आली होती, आणि बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं. शाळा तिला चौथीपर्यंत मिळाली होती. अक्षरं येत, पण सलग वाचायची सवय नव्हती.

मी नववीत असताना नगरच्या कॉलेजातले जाधव सर आले. किडकिडीत, खांद्याला शबनम, शर्टाच्या बाहीला खडूची पूड. विषय होता माणूस चंद्रावर कसा गेला. त्या दिवशी वारा उलटा होता, म्हणून कर्ण्याचा आवाज घरात सरळ शिरला. आईनं आयुष्यात प्रथमच एवढं सलग ऐकलं. तिघं निघाले. दोघं चंद्रावर उतरले. तिसरा मात्र यानातच राहिला, आणि वरच्या वर फेऱ्या मारत राहिला. आईचा हात बेसनात तसाच थांबला होता. मग तिनं चुलीकडं पाहिलं, तवा चढवला, आणि चंद्र गेला.

पंगतीत रस्सा वाढताना ती म्हणाली, "सर, तो वर राह्यला त्याचं काय झालं? आनि समदे खाली कसे आले?"

सरांच्या तोंडात घास होता. नाना म्हणाले, "वहिनी, आले की खाली! पेपरात फोटो आलेत त्यांचे. तुम्ही रस्सा आणा, रस्सा." सगळे हसले. सरांनी मान वर केली होती, पण तोवर गप्पा कारखान्याच्या निवडणुकीवर गेल्या. आईनं रस्सा आणला. नंतर भांडी घासताना ती म्हणाली, "आले ते कळलं. कसे आले?"

मला माहीत नव्हतं. दादांनी वाचनालयात जुना पेपर शोधला. रद्दी नानांच्याच दुकानात पुड्यांना गेलेली होती. मी म्हटलं, शाळेत विचारून येते. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तू परत हाडं आनशील. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं हुतं, शेवटपत्तोर, बसून." तिनं आयुष्यात स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे एक मागितलं, आणि तेही तवा घासता घासता.

त्यानंतर दोन पावसाळे कोरडे गेले. दुष्काळावर पुष्कळांनी लिहिलंय, मी पुन्हा लिहीत नाही. आमच्या घरापुरतं सांगायचं तर विहिरीचा तळ उघडा पडला, बैल आईच्या माहेरी कोल्हारला धाडले आणि ज्वारी-बाजरीच्या जागी रेशनची परदेशी लाल मिलो आली. तिची भाकरी कडेनं फुटते आणि थंड झाली की पायताणासारखी होते. गावाबाहेरच्या माळावर पाझर तलावाचं सरकारी काम निघालं आणि गाव तिकडं लोटलं. दादा हजेरी लिहायला लागले. मी अकरावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहत होते, म्हणून मातीच्या पाट्या वाहायला गेले. आई खडी फोडायला बसली. ज्या बायकांनी उंबऱ्याबाहेर हातात विळासुद्धा धरला नव्हता, त्याही तिथं होत्या. दगड निसटू नये म्हणून त्याच्याभोवती टायरचं कडं, हातात हातोडी, आणि डोळ्यांत कच. दिवसभर नुसता टकटक आवाज. तो आवाज मला आजही कुठं गवंडीकाम चालू असलं की ऐकू येतो, आणि माझी पावलं भरभर पडायला लागतात.

आईच्या शेजारी कौसाबाई बसायची. बौद्धवस्तीतली, आईच्याच वयाची. हात भारी वेगवान आणि जीभ हातापेक्षा. आधी दोघींचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. पण दिवसभर शेजारी बसून किती गप्प राहणार? आईनं तिला चंद्राची गोष्ट सांगितली, जिथवर ठाऊक होती तिथवर. कौसाबाईनंही ती पिंपळामागून ऐकली होती, पण पोरगं रडलं म्हणून मध्येच घरी गेली होती.

"मंजी दोघं जत्रा बघून आले," कौसाबाई म्हणाली, "आनि तिसरा चुलीपाशी बसला."

आई हातोडी खाली ठेवून हसली. मी तिला असं मोठ्यानं हसताना क्वचित पाहिलंय.

"पन खाली कसे आले, वैनी?"

"तेच तर न्हाई ना ठावं."

होळी उलटून महिना झाला, तेव्हा मंडळाची बैठक आमच्या ओसरीवर भरली. नाना म्हणाले, "यंदा बंद ठेवू. लोकांच्या पोटात अन्न नाही आणि आपण भाषणं देतोय, शोभत नाही." बोलणं चुकीचं नव्हतं. मी दारात उभी होते. मी म्हटलं, "तलावावर ठेवा. सगळं गाव तिथंच आहे. हजेरी झाली की तासभर."

नानांनी दादांकडं पाहिलं. "चिटणीस, तुमची मुलगी सभासद कधी झाली?"

"झाली नाही," दादा म्हणाले. "पण म्हणते ते करता येईल."

"व्यासपीठ?"

"भराव आहे की," मी म्हटलं. "व्यासपीठापेक्षा उंच आहे."

"हार, नारळ?"

"नगरहून आणायचे तर आणा. गावात फूल उरलेलं नाही."

"आणि पाहुण्याचं जेवण?" नाना म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडं वळल्या.

आई उंबऱ्यापर्यंत आली. मला वाटलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "न्हाई जमायचं. दिवसभर खडी फोडून मी पाव्हन्याला काय वाढू, मिलो? आजवर माझ्या हातचं जेवून गेलेला मानूस नगरात जाऊन गावाचं नाव काढतोय. बंद ठिवा यंदा."

माणसं गेल्यावर आमचं भांडण झालं. मी तेव्हा सतरा वर्षांची, मला वाटे की प्रत्येक गोष्टीला एक सरळ उत्तर असतं. (अजूनही वाटतं. शाळा चालवताना त्याचा उपयोग होतो.) मी म्हटलं, "आई, तुला ऐकायचंय का वाढायचंय? एक काय ते ठरव." ती म्हणाली, "तुला काय जातंय बोलायला? तुला मासवडी येती का?" मला येत नव्हती. त्या रात्री भाकरी तिनं मला हात लावू न देता एकटीनंच थापल्या. आता मी तिच्या त्या वयाच्या पुढं आलेय आणि मला तिचं कळतं. गावात तिला नावानं ओळखणारे थोडे, मासवडीनं ओळखणारे पुष्कळ. तेवढं एक तिचं होतं, आणि मी ते बाजूला ठेव म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिलोचं पीठ मळता मळता तिनं माझ्याकडं न बघता विचारलं, "कोन येनार हाय?"

"पाचांऐवजी एकच व्याख्यान ठेवायचं म्हणतात दादा. जाधव सर आले तर."

तिनं पीठ दाबून दाबून मळलं. "डब्यात जरा बेसन हाय ठेवनीतलं. वड्या सकाळी करून ठिवीन. भाकरी मिलोचीच. खाईल तर खाईल." मग म्हणाली, "त्येंला म्हनावं, चंद्राचं सांगा."

जाधव सर दुपारच्या एसटीनं आले आणि माळापर्यंत पायी आले. त्यांनी माती आणि पाणी अडवण्यावर बोलायची तयारी केली होती. मी त्यांना भरावाच्या पायथ्याशी गाठलं आणि आईचा निरोप सांगितला. "कोण आई?" ते म्हणाले. "मासवडी?" आईचा प्रश्न त्यांना आठवत नव्हता, मासवडी आठवत होती. ते भरावावर चढले आणि त्यांनी लोकांनाच विचारलं, "दुष्काळावर बोलू का चंद्रावर?"

मागून एक म्हातारबा ओरडले, "दुष्काळ आमाला पाठ हाय! चंद्राचं येऊ द्या!"

तिथं धाबं नव्हतं. ही गोष्ट मला बोलणं सुरू झाल्यावर लक्षात आली. बायका जिथं खडी फोडत होत्या तिथंच बसून राहिल्या, आणि ती जागा नेमकी भरावासमोरची, म्हणजे पहिली रांग होती. पुरुष मातीकामावरून आले ते मागं उभे राहिले. आई आणि कौसाबाई ऐन मध्ये, गुडघ्यांवर हात ठेवून. नाना बाजूला, त्यांनी दुकानातून आणलेल्या एकुलत्या एका खुर्चीत. सरांनी एक घमेलं उपडं घातलं, ही पृथ्वी. हातात खडीचा तुकडा घेतला, हा चंद्र. कर्णा नव्हता, पण माळावर वारा पडला होता आणि आवाज शेवटपर्यंत पोचत होता.

"तिथं पाणी नाही," सर म्हणाले, "हवा नाही, झाड नाही, गवत नाही. जिकडं बघाल तिकडं माती आणि दगड."

"मग एवढ्या लांब कशाला गेले?" कौसाबाई म्हणाली. "हितं उतरायचं न्हाई का!"

अख्खा माळ हसला. सरही हसले आणि खडीचा तुकडा त्यांच्या हातून पडला, तो आईनं उचलून दिला. दोघं चंद्रावर चालले, तिथली माती गोळा केली, आपल्या छोट्या यानात परत चढले. तिसरा वर फेऱ्या घालतोय. आता यांना त्याच्यापर्यंत पोचायचंय आणि मग सगळ्यांनी मिळून घरी यायचं. आईनं मान पुढं काढली होती.

आणि टँकरचा हॉर्न वाजला.

टँकर दोन दिवस आलेला नव्हता. पाणी का चंद्र, हा प्रश्न आमच्याकडं कुणालाच पडण्यासारखा नव्हता. सगळ्या जणी हंडे घेऊन पळत सुटल्या, त्यात आईही, तिच्यामागं मी. सर भरावावर घमेल्याशेजारी एकटे उरले.

आमच्या कामावरचा एक रिवाज इथं सांगायला हवा. दगड एका रांगेत फोडले तरी हंडे दोन रांगांत लागायचे. गावाचे आधी, बौद्धवस्तीचे मागून. टँकरला नळ एकच. गावाचे भरून झाले आणि टँकरमध्ये राहिलं, तर वस्तीला. आईचा हंडा पुढच्या रांगेत चांगला वर लागला. मी तिच्याजवळ उभी राहिले. नळापाशी पितळेचा खणखणाट आणि भांडणं, काही ऐकू येण्याची सोय नव्हती.

सर खाली आले. त्यांना वाटलं असणार, लोक इथं उभेच आहेत तर उरलेलं सांगून टाकू. गर्दीत त्यांना जागा मिळाली नाही म्हणून ते मागच्या रांगेच्या टोकाला, वस्तीतल्या बायकांपाशी, खडीच्या ढिगावर चढले आणि बोलायला लागले. आईनं वळून पाहिलं. त्यांचे हात हलताना दिसत होते, शब्द येत नव्हते. पुन्हा धाब्यावरच्यासारखंच, किंवा चुलीपाशीच्यासारखं म्हणा. तिच्यापुढं आता मोजून दोन-तीन हंडे राहिले होते.

तिनं आपला हंडा उचलला आणि रांगेतून बाहेर पडली.

"आई, नंबर!" मी ओरडले. तिनं मागं न बघता हात हलवला, आणि जाऊन मागच्या रांगेत कौसाबाईच्या पाठीशी उभी राहिली. पुढच्या रांगेत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मलाही सर ऐकू यायला लागले.

ते दोघं तिसऱ्याला येऊन मिळाले. मग चंद्र सोडून पृथ्वीकडं निघाले. जवळ आल्यावर यान आगीसारखं तापलं. मग वर मोठाल्या छत्र्या उघडल्या आणि यान हळूहळू खाली यायला लागलं.

"कुठं पडले?" आईनं विचारलं. आमच्या व्याख्यानमालेत बाईनं चारचौघांत वक्त्याला विचारलेला तो पहिला प्रश्न. तो विचारून झाल्यावरही तिला हे लक्षात आलेलं नव्हतं.

"समुद्रात," सर म्हणाले. "दगडावर पडले असते तर वाचले नसते. चहूकडं नुसतं पाणी. तिथं जहाज वाट बघत होतं, त्यानं काढलं त्यांना."

"पाण्यात?" मघाचे म्हातारबा म्हणाले. "नशिबाचे गडी."

यावर कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत सगळ्यांच्या हातात रिकामे हंडे होते. तोवर गावाचे हंडे भरून झाले आणि मागची रांग नळापर्यंत पोचली. कौसाबाईनं आपला हंडा भरून बाजूला ठेवला. "वैनी, लावा तुमचा."

आईचं लक्ष सरांकडं. "भर तूच."

"मी?"

"मग कोन? मी ऐकतीय."

कौसाबाई हलली नाही. हलक्या आवाजात म्हणाली, "इचार करा. प्यायचं पानी हाय. उद्या गल्ली बोलंल."

"गल्लीला सांग, मी चंद्रावर गेल्ते."

कौसाबाईनं हंडा नळाखाली धरला. धार बारीक झाली होती. हंडा गळ्यापर्यंत आला आणि टँकर संपला. तिकडं आई विचारत होती, "आनि त्या तिसऱ्याला उतरायला मिळालंच न्हाई?"

"नाही."

"दोघांनी सांगितलं आसंल त्याला, कसं हुतं ते."

"सांगितलं असणार," सर म्हणाले. "पण सांगितलेलं आणि..."

"तेच की," आई म्हणाली.

तिनं हंडा डोक्यावर घेतला. मी घरापर्यंत तिच्या मागून चालत राहिले. मला तिची भीती वाटत होती, का तिच्यासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

जेवायला सर, नाना आणि मंडळाचे आणखी एक जण आले. ताटं मांडली. नाना ओसरीवर उभेच. "वहिनी, हे पाणी..."

"टँकरचं हाय," आई म्हणाली. "टँकर सरकारचा."

"ते मला माहीत आहे. भरलं कुणी ते विचारतोय."

"कौसाबाईनं. मला सवड नव्हती."

नानांनी दादांकडं पाहिलं. दादा भांडणाला पुढं होणारे गृहस्थ नव्हेत. वाचनालयातसुद्धा ते उशिरा पुस्तक आणणाऱ्याला दंड मागायला लाजत. ते उठले, हंड्यातून तांब्या भरून घेतला, आणि उभ्यानंच सगळा प्यायले. मग तोंड पुसून म्हणाले, "बसा नाना, भाकरी गार होते." नाना म्हणाले, पोट बरं नाही. ते गेले, दुसरेही त्यांच्या मागून गेले. सर बसले. मिलोची भाकरी आणि सकाळची मासवडी दोन्ही गार होत्या. सरांनी भाकरी रश्शात कुस्करली आणि दोनदा मागून घेतली. मीही जेवले, पाणीही प्यायले. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा, तेवढाच आला.

आईनं त्या दिवशी काही मोठं कार्य केलं असं मी म्हणणार नाही, तिनंही कधी म्हटलं नाही. तिला चंद्रावरून खाली यायचं होतं आणि मध्ये हंडा येत होता. पण त्याची झळ लागायची ती लागलीच. शेजारच्या दोन घरांनी आमच्याकडून विरजण नेणं बंद केलं, आणि सणाला सवाष्ण म्हणून बोलावलं नाही. कौसाबाई मात्र खडी फोडता फोडता मोठ्यानं विचारायची, "काय वैनी, पानी गोड लागलं का खारट?" आणि आई म्हणायची, "तू हंडा गळ्यापत्तोरच भरलास, काठापत्तोर भरायचा." पुढच्या टँकरला आईनं आपला हंडा परत मागच्याच रांगेत लावला. कारण विचारलं तर म्हणाली, "तिकडं भांडनं कमी."

पुढल्या साली पाऊस झाला, माळावरचा तलाव भरला. होळीनंतर व्याख्यानमाला चौकात परत आली, पाच दिवसांची. नाना जेवणाचं ठरवायला आमच्याकडं आले. ते येतात की नाही याची दादांना चिंता होती, मला नव्हती. नगरात मासवडीचं नाव झालं होतं, आणि नाना व्यवहारी होते. ते म्हणाले, "वहिनी, नेहमीप्रमाणं. भाषणानंतर."

"आधी," आई म्हणाली.

"आधी कसं? आपला नेम आहे."

"पाव्हने एसटीनं उतरले की पयलं जेवतील. तुमीबी या त्यांच्यासंगं. मग भाषन."

"पण नंतर काय अडचण आहे?"

"नंतर मी दमलेली आसंन," आई म्हणाली. "ऐकून."

नानांनी दादांकडं पाहिलं. दादा धाब्याच्या लाकडांकडं पाहत होते, जणू तिथं वाळवी लागलीय. नाना म्हणाले, "बरं बाई."

पहिल्या दिवशी पाहुणे जेवून चौकाकडं गेले. आईनं चूल विझवली, हात धुतले आणि स्वयंपाकघराला बाहेरून कडी घातली. त्या कडीचा त्या वेळी येणारा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. धाब्याच्या शिडीपाशी बायकांनी तिला जागा करून दिली, पण ती शिडी चढली नाही. सरळ सतरंजीवर, पुरुषांच्या पुढं जाऊन बसली. मग मागं वळून तिनं पिंपळाकडं हात केला. कौसाबाई लगेच आली नाही. व्यासपीठावरचे सत्कार आटपेपर्यंत ती पिंपळाखालीच उभी होती. मग आली, आणि आईनं तिच्यासाठी सतरंजीवर सरकून जागा केली. मी त्या दोघींच्या मागं बसले.

विषय आता मला आठवत नाही. पुण्याचे कुणी विद्वान होते आणि त्यांचा आवाज गोड होता. टाळ्या होईपर्यंत आई हलली नाही. घरी येताना मी सवयीनं विचारलं, "शेवट कळला का?"

"व्हय," ती म्हणाली आणि कडी काढली. "पन लई लांबवला."